शिवणीतील माया

साडीसोबत येणारे ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटरचे असते, आणि ते एकच असते. कात्री चुकली तर त्याच विणीचे, त्याच रंगाचे दुसरे कापड मिळेलच याचा भरवसा नाही. कापडाचाच व्यापार असलेल्या एका घरातील सूनबाईंना हा धडा चाळिशीत मिळाला. आईने दिलेल्या दोन साड्यांचे ब्लाउज स्वतः शिवावेत या हौसेने त्यांनी बाजारातून ३६ छातीचे तयार पेपर कटिंग आणले, कापडावर ठेवले आणि रेषेबरहुकूम कापले. अंगात घातल्यावर ब्लाउज पुढून ताणला गेला, गळा मात्र खांद्यावरून घसरू लागला. "माझ्याच अंगाची ठेवण वाकडी," असे म्हणत त्यांनी दुसरे ब्लाउजपीस घडी करून कपाटात ठेवून दिले.

सासूबाईंनी आयुष्यभर पेढीच्या वह्या सांभाळलेल्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, मेळ बसला नाही की आधी वही तपासतात. गिऱ्हाइकाला कोणी दोष देत नाही."

या एका वाक्यात शिवणकाम नव्याने शिकणाऱ्यासाठी मोठे मार्गदर्शन आहे. निरनिराळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकण्याचा व्यवसाय अमेरिकेतील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये सुरू केला. त्यामुळे घरोघरी शिवण सोपे झाले. परंतु छापील नमुना सरासरीवर बेतलेला असतो, आणि सरासरी हा हिशेबातील आकडा आहे. त्या आकड्याचे माणूस क्वचितच भेटते. छाती ३६ इंच असलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीची पाठ रुंद असते, दुसरीची अरुंद. नमुन्यावर मात्र दोघींसाठी एकच क्रमांक छापलेला असतो.

म्हणून पहिले काम मापाचे. टेप जमिनीला समांतर, ना सैल ना आवळलेली. आणि माप शक्यतो दुसऱ्याने घ्यावे, कारण स्वतःचे माप घेताना हात उचलला की टेप सरकते. छातीच्या मापाबरोबरच काखेच्या खालून, छातीच्या वरच्या भागाचे माप अवश्य घ्यावे. सूनबाईंची छाती ३६ इंच भरली, वरचे माप मात्र ३३. चुकीचे मूळ येथेच होते. खांदा, गळा आणि मुंढा हे भाग मागाहून दुरुस्त करणे कठीण. छाती आणि कंबर त्या मानाने सोपी. तेव्हा दोन मापांत एवढे अंतर असेल, तर नमुना वरच्या मापाच्या जवळचा निवडावा आणि छातीला लागणारी रुंदी कागदावर वाढवावी. सूनबाईंनी दुसऱ्या खेपेस ३४ चे कटिंग घेतले.

रुंदी कोठे वाढवायची, हा यापुढचा प्रश्न. कंबर एकूण २ इंच वाढवायची असेल, तर नवशिक्या व्यक्ती प्रत्येक कडेला २ इंच वाढवते आणि कपडा ८ इंचांनी मोठा होतो. बाजूच्या शिवणींना पुढच्या भागाच्या दोन आणि पाठीच्या दोन अशा चार कडा असतात. म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा इंच. वाढ काखेपर्यंत नेली, तर बाहीच्या खालच्या शिवणीच्या दोन्ही कडाही तेवढ्याच वाढवाव्या लागतात, अन्यथा बाही मुंढ्याला बसत नाही. जमेची नोंद झाली की नावेची नोंद हवीच. उंची वाढवायची झाल्यास खाली पट्टी जोडू नये. छाती आणि कंबर यांच्यामध्ये कागद आडवा कापून, मध्ये कागदाची पट्टी चिकटवून रेषा पुन्हा सरळ जुळवावी.

सूनबाईंना मात्र पाठीत काहीच नको होते. वाढ हवी होती ती केवळ पुढच्या भागात. त्यांनी खालच्या टक्सच्या मध्यातून छातीच्या उंचवट्यापर्यंत आणि तेथून मुंढ्याच्या दिशेने कागदाला छेद दिला. मुंढ्याची कड किंचित जोडलेली राहू दिली. कागदाला बाजूनेही एक छेद देऊन तो १ इंच उघडला. पुढचे भाग दोन, म्हणून एकूण वाढ २ इंच. खाली वाढलेली रुंदी टक्समध्ये सामावली, खालची कड जुळवून घेतली. खांदा, गळा आणि मुंढ्याचे माप जसेच्या तसे राहिले.

तरीही कात्री लगेच साडीच्या कापडाला लावायची नाही. पेढीवर पक्क्या वहीआधी कच्चा खर्डा असतो, तसे शिवणात मांजरपाट. पाच-पन्नास रुपयांच्या मांजरपाटावर नमुना कापून कच्च्या टाक्यांनी जोडावा, अंगात घालावा आणि आरशासमोर चुण्या वाचाव्यात. छातीवर आडवे ताण दिसले तर रुंदी कमी आहे. पाठीवर कंबरेच्या वर आडव्या घड्या पडल्या तर पाठीची उंची जास्त आहे. गळ्याशी कापड सुटत असेल तर ते चिमटीत धरून टाचणी लावावी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि ती कागदावर उतरवावी, म्हणजे पुढच्या ब्लाउजला श्रम पडत नाहीत. अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि बेतलेला ब्लाउज आखडतो.

दुसरा ब्लाउज बसला. पण सूनबाईंच्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. मांजरपाट जुळवताना बाजूची शिवण किती ठेवावी हे पाहण्यासाठी त्यांनी आईचा एक जुना ब्लाउज आतून उलटा केला होता. बाजूच्या शिवणीत सव्वा इंच कापड दुमडलेले होते आणि त्यावर उसवलेल्या शिवणींच्या तीन रांगा, सुईच्या बारीक छिद्रांच्या रूपाने अजून दिसत होत्या. लग्नातील माप, पहिल्या बाळंतपणानंतरचे आणि पुढे कधीतरीचे. आईने तीनदा ब्लाउज सैल केला होता आणि एकदाही स्वतःच्या अंगाला नावे ठेवली नव्हती.

शिवणीत जास्तीचे सोडलेल्या या कापडाला मराठीत माया म्हणतात. साठवलेल्या पैशालाही माया म्हणतात आणि जिव्हाळ्यालाही. सूनबाईंनी नव्या ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना सव्वा इंच माया ठेवली आणि बिघडलेला पहिला ब्लाउज टाकून न देता उसवून त्याचे कापड जपून ठेवले. त्यांच्या लेकीने विचारले, "आई, एवढे कापड आत दडवून काय उपयोग?" त्यांनी तिच्या हाती आजीचा ब्लाउज दिला आणि तो उलटा करून पाहायला सांगितले.