मधुमेही व्रणातील ‘अवेदन’ : शुद्धी की सुप्ती?

शुद्ध व्रणाच्या लक्षणांत सुश्रुताचार्यांनी ‘अवेदन’ हे लक्षण सांगितले आहे. व्रणात वेदना नाही, स्राव नाही, दोषांचा जोर नाही, म्हणजे शोधन पूर्ण झाले व रोपणास आरंभ करावा, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा क्रम होय. परंतु मधुमेही रुग्णाच्या तळपायावरील व्रणास हे लक्षण जसेच्या तसे लावणे घातक ठरू शकते, याकडे आम्ही व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. अशा पायाची वेदना पुष्कळदा शमलेली नसते; ती जाणवेनाशी झालेली असते.

वेदना वाहून नेणारे मज्जातंतू केवळ मेंदूकडे वार्ता पोचवितात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती अधिक उद्बोधक आहे. उल्फ फॉन ऑयलर व जॉन गॅडम यांना १९३१ मध्ये घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात एक द्रव्य आढळले. हेच ‘सबस्टन्स पी’ नामक न्यूरोपेप्टाइड. त्यातील ११ अमिनो आम्लांचा क्रम १९७१ मध्ये निश्चित झाला. त्वचेस इजा होताच संवेदी तंतूंच्या अग्रांतून ते स्रवते. त्यायोगे रक्तवाहिन्या विस्फारतात, मास्ट पेशी उद्दीपित होतात व श्वेतपेशी क्षतस्थानी येऊ लागतात. बाह्यत्वचेच्या पेशी, फायब्रोब्लास्ट व रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी यांच्या वाढीस व स्थलांतरासही ते चालना देते. ज्या तंतूमुळे जखम दुखते, तोच तंतू जखम भरून काढणाऱ्या पेशींना पाचारण करीत असतो.

मधुमेहात त्वचेतील हे सूक्ष्म तंतू क्षीण होतात व सबस्टन्स पीचा पुरवठा घटतो. शिवाय त्याचे विघटन करणारे नेप्रिलायसिन हे एन्झाइम मधुमेही व्रणांत वाढलेले आढळते. याच तंतूंतून सीजीआरपी नावाचे दुसरे न्यूरोपेप्टाइडही स्रवते. त्याविषयी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांचे कार्य २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वेदनावाहक तंतू नष्ट केलेल्या उंदरांत त्वचेचे व्रण व स्नायूंच्या जखमा नीट भरून आल्या नाहीत. सीजीआरपी शोथातील न्यूट्रोफिल पेशींना वेळीच आवर घालते आणि भक्षकपेशींना रोपणकार्याकडे वळविते, असे त्यात दिसून आले. म्हणजे पेशींना बोलावणे व काम संपताच त्यांना निरोप देणे, या दोन्ही गोष्टींत मज्जातंतूंचा वाटा आहे. अर्थात उंदराची जखम प्रामुख्याने आकुंचनाने मिटते, मनुष्याची तशी नव्हे. तेव्हा हे निष्कर्ष रुग्णास थेट लागू करण्याची घाई नको.

हे वाचून ‘सबस्टन्स पी म्हणजेच वात’ असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होईल. आम्हास तो मान्य नाही. अशा समीकरणाने वातही उमगत नाही आणि पेप्टाइडही उमगत नाही. आचार्यांचे मोठेपण त्यांच्या निरीक्षणांत आहे. मधुमेह्याचे व्रण कष्टाने भरतात, हे सुश्रुताचार्यांनी नोंदविले. प्रमेहाच्या पूर्वरूपांत अंगांची सुप्तता चरकाचार्यांनी गणली. ही दोन वचने एकत्र ठेवून वाचली, तर सुप्त अंगावरील ‘अवेदन’ व्रण शुद्ध समजू नये, हा बोध संहितेतूनच मिळतो. नव्या संशोधनाने त्या बोधाला कार्यकारणाची जोड दिली, एवढेच.

म्हणून आमचा आग्रह असा की, ‘दुखत नाही’ हे रुग्णाचे उत्तर नोंदविण्यापूर्वी पायाची संवेदना तपासावी. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट व १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ही साधने कोणत्याही लहान चिकित्सालयात ठेवता येतात. पायाची नाडी पाहावी, व्रण अस्थीपर्यंत गेला आहे काय हे तपासावे. संवेदना हरपली असल्यास शुद्धीचा निर्णय स्राव, गंध, वर्ण, कडा व तळ यांवरून करावा. अशा पायास उष्ण स्वेदन देणे टाळावे. भाजल्याचे रुग्णास कळतही नाही. व्रणावरील भार कमी केल्याविना जात्यादि तैल वा घृत, कितीही उत्तम असो, एकटे पुरे पडणार नाही. नाडी लागत नसेल, कोथ दिसत असेल, अथवा संसर्ग पसरत असेल, तर शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यास एक दिवसही दवडू नये. त्यात शास्त्राचा कमीपणा नाही. विलंब झाला तर रुग्णाचा पाय जातो.

आपल्या संघटनेने व्रणाच्या नोंदपत्रकात ‘संवेदना’ हा स्वतंत्र रकाना घालावा, अशी आमची सूचना आहे. अशा नोंदी काही वर्षे प्रामाणिकपणे ठेवल्या, तर आपल्या शोधन-रोपण उपक्रमांचा सुप्त व संवेदनक्षम पायांवर कोणता भिन्न परिणाम होतो, हे आपणांस स्वतःच्या अनुभवाच्या आधारे सांगता येईल. ग्रंथाभिमानापेक्षा अशा नोंदींनीच आयुर्वेदाची प्रतिष्ठा अधिक वाढेल, असे आम्हास वाटते.