फाशांची वारी

सुट्टी मागायला बॉसच्या केबिनमध्ये शिरताना तुमच्याकडे कारणं काय असतात? गणपती, मावसबहिणीचं लग्न, फारच झालं तर 'गावाकडच्या घराचं काम निघालंय'. बरोबर? आता असा सीन डोळ्यासमोर आणा. पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला, होम लोनचे हप्ते भरणारा एक अकाउंटंट बॉसला सांगतोय, "चार दिवस येणार नाही. मी जादूगार आहे आणि मला एका ड्रॅगनचा बंदोबस्त करायचाय." आणि बॉस शांतपणे सही करतोय, कारण ही रजा तो पठ्ठ्या गेली वीस वर्षं न चुकता घेतोय!

नाही हो, आपल्या बीकेसीत किंवा हिंजवडीत नाही. हे अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरातलं. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे चार दिवस 'जेन कॉन' भरतं. टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांचं संमेलन म्हणा, जत्रा म्हणा. २०२४ मध्ये तिथे ७१ हजारांहून जास्त माणसं जमली होती. कन्व्हेन्शन सेंटर पुरत नाही म्हणून शेजारच्या फुटबॉल स्टेडियममध्येही टेबलं मांडतात.

खेळ कसले? बोर्ड गेम्स, पत्ते, छोट्या सैनिकांच्या लढाया आणि सगळ्यांचा आजोबा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स', लाडाने डी अँड डी. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी फंडा असा, की एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. "समोर बंद दार आहे, काय करणार?" तुम्ही म्हणायचं, "लाथ मारतो." दार मोडलं की तुमचा पाय मोडला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बस्स. लहानपणी गच्चीवर आपण जे 'समज, मी राजा आणि तू चोर' खेळायचो ना, तेच, फक्त नियमांची जाडजूड पुस्तकं घेऊन.

आता हे सुरू कसं झालं ते ऐका, कारण त्यात आपल्यासारखा एक नोकरदार आहे. गॅरी गायगॅक्स हा विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात राहणारा, विमा कंपनीत काम करणारा माणूस. युद्धाच्या खेळांचं वेड. १९६७ मध्ये त्याने वीसेक दोस्तांना घरी खेळायला बोलावलं. पुढच्या वर्षी घर पुरणार नाही म्हणून ५० डॉलर भाड्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल घेतला, शंभरेक जण आले. ते पहिलं जेन कॉन. नावातही कोटी आहे बरं का. गाव जिनिव्हा, म्हणून 'जिनिव्हा कन्व्हेन्शन'! १९७० मध्ये गायगॅक्सची नोकरी गेली. मग हा माणूस घरी चक्क लोकांचे बूट दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात खेळांचे नियम लिहायचा.

त्याआधी, १९६९ च्या दुसऱ्या जेन कॉनमध्ये, त्याला मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन हा पोरगा भेटला होता. सूर जुळले. दोघांच्या डोक्यातून १९७४ मध्ये डी अँड डी बाहेर पडला. पहिल्या फक्त १००० प्रती, खोक्याची किंमत १० डॉलर. पुढे पैसा आला आणि पैशामागून वकीलही आले. १९७९ मध्ये आर्नेसनने रॉयल्टीसाठी कंपनीवर केस टाकली, १९८१ मध्ये कोर्टाबाहेर मिटली. १९८५ मध्ये तर खुद्द गायगॅक्सच्याच हातून कंपनी गेली. गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेला, आर्नेसन एप्रिल २००९ मध्ये. म्हणजे बघा, ज्या टेबलाने जगभरात लाखो मित्र जोडून दिले, ते टेबल ज्या दोघांनी मांडलं त्यांचीच मैत्री हिशेबाच्या वहीत अडकली. मला तरी या सगळ्या कहाणीत हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते.

जत्रा मात्र चालत राहिली. लेक जिनिव्हातून केनोशा, मग १९८५ पासून मिलवॉकी, २००३ पासून इंडियानापोलिस. जुने गडी अजूनही मिलवॉकीच्या आठवणी काढून उसासे टाकतात. खरं तर नॉस्टॅल्जियाचा तिथे बाजारच आहे. जुन्या खेळांचा रीतसर लिलाव होतो. एके काळी दहा डॉलरला मिळालेल्या त्या पहिल्या खोक्यासाठी आज शौकीन हजारो डॉलर मोजतात. 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे वाक्यही भरपूर ऐकू येतं म्हणे. त्यावर माझं मत विचाराल तर, त्यांच्या वेळी टेबलावर मुली औषधालाही नसायच्या, त्यामुळे 'आमच्या वेळचं' सगळंच काही परत यायला नको!

हे सगळं मला कळलं ते माझ्या कॉलेजच्या एका मित्रामुळे. अस्सल पुणेकर, सध्या शिकागोत सॉफ्टवेअरमध्ये. २०१२ मध्ये ऑफिसातल्या कुणाचं तरी एक जादा तिकीट होतं म्हणून हा टाइमपास करायला गेला. अनोळखी पाच जणांच्या टेबलावर बसला, सहा तासांनी उठला तेव्हा सगळे मिळून जेवायला गेले. पुढच्या वर्षी तेच सहा जण, तीच पात्रं, गोष्ट मागच्या पानावरून पुढे. त्यांच्यातला एक मिलवॉकीचा. खेळात तो हिमगौरीच्या गोष्टीतल्यासारखा बुटका, हातात कुऱ्हाड. मित्राच्या मोबाइलमध्ये तो अजूनही 'कुऱ्हाडवाला' म्हणूनच सेव्ह आहे. तो पोटापाण्यासाठी काय करतो, हे याला चार वर्षं माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नाही! आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत 'सध्या कुठे? पॅकेज किती?' होतं, त्या हिशेबाने हे भारीच.

मग २०१९ चा जानेवारी. पुण्याहून मध्यरात्री फोन आला, बाबा गेले. बाहेर बर्फ, कॅब मिळेना, बायको बाळाला घेऊन माहेरी. याने ग्रुपवर एवढंच टाकलं, 'बाबा वारले, घरी जातोय.' दीड तास बर्फातून गाडी हाकत कुऱ्हाडवाला दारात हजर! गाडीत त्याने सांत्वनबिंत्वन काही केलं नाही. 'तुझे बाबा कसे होते, ते सांग,' एवढंच म्हणाला आणि विमानतळ येईपर्यंत ऐकत राहिला. मित्र म्हणतो, "ऑफिसातल्या लोकांनी फुलं पाठवली. छान होती. पण मला आठवतो तो गाडीचा हीटर."

वर्षातले चार दिवस भेटणारी माणसं इतकी जवळची कशी होतात? मला वाटतं याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, कारण आपल्याकडे वारी आहे. एकाच दिंडीतली माणसं वर्षभर आपापल्या गावी, आपापल्या रानात. पण आषाढात त्याच दिंडीत, त्याच ओळीत शेजारी. 'भेटू या रे एकदा' असं त्यांना कधी म्हणावं लागत नाही. आता तुमचा शाळेचा व्हॉट्सॅप ग्रुप काढून बघा. 'भेटू या' किती वेळा लिहिलंय? आणि भेटलात किती वेळा? तारीख ठरलेली नाही आणि भेटून करायचं काय तेही ठरलेलं नाही, मग माणसं येतात, फोन चाळतात, बिलाचे भाग पाडतात आणि घरी जातात. टेबलावर फासा असला की गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही, आणि गप्प बसलं तरी चालतं.

वारी म्हटली की कष्टही आलेच. प्रवेशाचा बिल्ला शंभर डॉलरच्या वर, जवळच्या हॉटेलातली खोली नशिबाने मिळते, कारण बुकिंगची वेळच कॉम्प्युटर सोडत काढून देतो. २०२० मध्ये कोविडमुळे सगळं ऑनलाइन झालं. मित्राच्या टोळीने सहा चौकोनांत बसून खेळून पाहिलं. "कुणी तरी सतत म्यूटवर," एवढाच त्याचा रिपोर्ट. २०२१ मध्ये सप्टेंबरात, मास्क लावून, पुन्हा टेबलाशी आले, पण पाचच. सहाव्याची तब्येत साथ देईना. त्याचं पात्र त्यांनी मारलं नाही. ते एका गावात खानावळ चालवतंय, असं गोष्टीत ठरलं, आणि दरवर्षी बाकीचे पाच जण एक रात्र त्या खानावळीत मुक्काम करतात. पलीकडे व्हिडिओ कॉलवर तो जेवण वाढतो.

गायगॅक्सच्या दोस्तांनीही वेगळं काही केलं नव्हतं. २००८ मध्ये अंत्यविधीनंतर ते लेक जिनिव्हातल्या एका हॉलमध्ये जमले आणि खेळायलाच बसले. पुढच्या वर्षीपासून त्याचं रीतसर 'गॅरी कॉन' झालं, आता दर मार्चमध्ये त्याच गावात भरतं.

माझ्या मित्राची लेक आता आठ वर्षांची आहे. पुढच्या खेपेला तीही टेबलावर बसणार. पात्र निवडून झालंय, म्हातारी जादूगारीण, नाव 'आज्जी'. कुऱ्हाडवाला सध्या फोनवर तो 'ज्ज' नीट म्हणायची प्रॅक्टिस करतोय.