रविवारची सकाळ आणि गोल्फची काठी

सहा महिन्यांपूर्वी आमची धाकटी बहीण भर दुपारी तणतणत आमच्या घरी आली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, अंबरनाथला पत्र्याच्या कामाचे छोटे वर्कशॉप चालवतो. सहा कामगार, दोन प्रेस मशिनी आणि डोक्यावर बँकेचा हप्ता. "दादा, तुमचा भाचा आता गोल्फ खेळायला निघालाय. हप्ता थकला तर त्या काठीने मशीन चालवणार आहे का?"

बहिणीचा राग आम्हाला पटला. ज्या घरात आईने कांदे-बटाटे विकून पोराला आय.टी.आय. केले, त्या घरात गोल्फ हा शब्दच चोरीच्या मालासारखा वाटतो. तरी आम्ही भाच्याला बोलावून घेतले.

त्याचे म्हणणे असे. एका मोठ्या कंपनीला तो तीन वर्षे इलेक्ट्रिक पॅनलचे डबे पुरवतो आहे. माल एकदाही परत आलेला नाही. पण मोठी ऑर्डर निघाली की ती दुसऱ्याला जाते. तो दुसरा पुरवठादार खरेदी खात्याच्या साहेबांबरोबर दर रविवारी गोल्फ खेळतो. "मामा, पाकीटबिकीट काही नाही हो. पण नवीन काम निघणार हे त्याला रविवारीच कळतं. मला कळतं तेव्हा भाव भरायची मुदत संपत आलेली असते."

येथे आम्ही गप्प झालो. कारण पोरगा खोटे बोलत नव्हता. सरकारी खरेदीत निदान कागद आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, आणि २०१२ च्या धोरणाने केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असे ठरले. त्यासाठी अर्ज करता येतो, भांडता येते. खाजगी कंपनीत कोणता कागद दाखवणार? तेथे ओळख चालते, आणि ओळख कोठे होते याचा पत्ता आपल्या वस्तीत कोणी सांगत नाही.

मग आम्ही या खेळाची माहिती काढली. काढल्यावर कळले की धंदेवाईक माणसाने हाच खेळ का धरला. एका डावात १८ खळगे, आणि चौघांना तो डाव पुरा करायला चार तासांहून जास्त लागतात. चेंडू मारायला मिनिटभरही लागत नाही; बाकी सगळे चालणे आणि बोलणे. ऑफिसात जो साहेब दहा मिनिटे देत नाही, तो येथे चार तास शेजारून चालतो. दुसरे, यात कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावे म्हणून फटक्यांची सूट असते. तिला हँडिकॅप म्हणतात. तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. नेहमीच्या खेळात पंच नसतो. फटके मोजायचे आणि खरे सांगायचे, हे ज्याचे त्याने. झुडपात चेंडू गेल्यावर कोणी पायाने पुढे सरकवला, तर सोबतचा माणूस बोलत नाही, पण उद्या त्याला उधारीवर माल देत नाही.

पण या मैदानाला फाटक आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत ऑगस्टा येथील नामांकित क्लबात १९९० पर्यंत एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. मोठ्या स्पर्धेत खेळाडूंच्या पिशव्या उचलायला मात्र वर्षानुवर्षे तेच लागत. त्याच १९९० साली अलाबामातील शोल क्रीक क्लबात मोठी स्पर्धा ठरली होती. आम्ही कृष्णवर्णीयांना घेत नाही, अशा अर्थाचे क्लबाचा संस्थापक वर्तमानपत्राला बोलून गेला. गहजब झाला, आणि आय.बी.एम.सारख्या कंपन्यांनी टीव्हीवरच्या जाहिराती काढून घेतल्या. मग घाईघाईने एका कृष्णवर्णीय गृहस्थाला सभासद करून घेतले. जाहिरातीचा पैसा गेल्यावर फाटकाची कडी निघाली. ऑगस्टाने स्त्रियांना घेतले ते तर २०१२ साली, त्याही दोनच.

दक्षिण आफ्रिकेत पापवा सेवगोलम नावाचा भारतीय वंशाचा खेळाडू होता. कॅडी म्हणून पिशव्या उचलता उचलता खेळ शिकला. डावा हात उजव्याच्या खाली धरायचा, सगळे जग धरते त्याच्या उलट. १९६३ साली डर्बनला गोऱ्यांना हरवून त्याने नाताळ ओपन जिंकली, आणि वर्णभेदामुळे क्लबाच्या इमारतीत प्रवेश नाही म्हणून करंडक त्याला बाहेर पावसात उभा करून दिला. ही हकीकत आम्ही भाच्याला मुद्दाम सांगितली. तो म्हणाला, "मामा, करंडक तर त्यानेच नेला ना?" आपल्या देशातही अली शेर हा दिल्लीतला कॅडी १९९१ साली इंडियन ओपन जिंकला.

शेवटी बहिणीने अट घातली. हप्त्याच्या पैशाला हात लावायचा नाही आणि सहा महिन्यांत काय ते ठरवायचे. भाच्याने नवा संच घेतला नाही. सरावाच्या मैदानावर बादलीभर चेंडू भाड्याने घेऊन मारले, जुन्या चार काठ्या मित्राकडून आणल्या. दुसरा मारत असताना बोलायचे नाही, आपण उखडलेले गवत आपणच बसवायचे, कॉलरचा शर्ट घालायचा, हे शिकला. धंद्याची गोष्ट आपण आधी काढायची नाही, हे त्याला सर्वांत जड गेले. आमच्याकडून एकच सांगणे होते, की कॅडीला "ए" म्हणून हाक मारायची नाही. त्या पिशव्या आपल्याच वस्त्यांतल्या पोरांनी उचलल्या आहेत.

गेल्या महिन्यात साहेबांनी त्याला पाहुणा म्हणून नेले. पहिल्याच खळग्याला नऊ फटके लागले. त्याने नऊच लिहिले. साहेबांच्या सोबत्याने सात लिहिले होते. त्याचेही नऊच झाले होते, असे कॅडी नंतर भाच्याच्या कानात म्हणाला. चार तासांत धंद्याचा शब्द निघाला नाही. पुढच्या बुधवारी मात्र साहेबांचा स्वतःहून फोन आला, की एक नवे ड्रॉइंग आहे, बघून जा, काय वाटते सांग.

ऑर्डर अजून मिळालेली नाही. भाव भरायला यावेळी पंधरा दिवस हातात आहेत, एवढेच. बहीण अजून दर सोमवारी फोनवर आधी हप्त्याचे विचारते, मग हळूच, "काल किती लागले रे?"