धुराड्याचा हिशेब बीडने का मागू नये?

गेवराई, माजलगाव, केजच्या कृषी सेवा केंद्रांवर पेरणीच्या दिवसांत सुफलाच्या गोणीसाठी शेतकरी ताटकळतो. गोणीचा भाव त्याला तोंडपाठ असतो. ती तयार होताना मुंबईच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. आम्ही सांगतो, कारण त्याचा संबंध त्याच्या पावसाशी आहे.

या खताला नायट्रिक आम्ल लागते (युरियाला लागत नाही). प्लॅटिनमच्या तापलेल्या जाळीवर अमोनिया जाळून आम्ल करताना नायट्रस ऑक्साइड हा वायूही निघतो. दवाखान्यात भूल देताना वापरतात तोच हा 'हसवणारा वायू'. त्याला रंग नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे 273 पट उष्णता अडवतो आणि शतकभर हवेत राहतो. मध्यम दाबाच्या कारखान्यात, उपाय केला नाही तर, एक टन आम्लामागे तो सुमारे 7 किलो निघतो. म्हणजे जवळपास दोन टन कर्बवायूच झाला!

उपाय नाही असे नाही. त्या जाळीखालीच दुसऱ्या उत्प्रेरकाचा थर बसवला की यातला बहुतेक वायू नायट्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये फुटतो. कारखाना बंद करावा लागत नाही, कामगाराची भाकर जात नाही. ट्रॉम्बेच्या सरकारी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने आणि तळोज्याच्या दीपक फर्टिलायझर्सने क्योटो कराराच्या 'स्वच्छ विकास यंत्रणे'खाली असे प्रकल्प नोंदवले होते.

मेख पुढेच आहे. हे प्रकल्प श्रीमंत देश कार्बन क्रेडिट विकत घेणार या हिशेबावर उभे राहिले. वायू रोखणे कायद्याने बंधनकारक असते, तर क्रेडिट मिळालेच नसते! म्हणजे कायदा न करण्यातच फायदा. 2008 मध्ये 20 युरोच्या वर गेलेले हे क्रेडिट 2012 च्या अखेरीस एका युरोच्याही खाली आले. उत्प्रेरक मात्र झिजतो, बदलावा लागतो, आणि त्यातून विकायला काही निघत नाही. आमच्या हवेची राखण युरोपच्या बाजारभावावर सोडायची काय?

खत जास्त पडले तर शेतातूनही हा वायू निघतो, नव्हे, जगात शेतीचाच वाटा मोठा आहे, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण लाखो शेतांत विखुरलेला वायू पकडणे आणि एका धुराड्यातला पकडणे यांत फरक आहे. आधी अल्पभूधारकाला शहाणपण शिकवायचे आणि धुराडे मोकळे सोडायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

एकेका दुष्काळाचा दोष एका कारखान्यावर टाकता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण पाऊस बिघडला की आधी कोयता घेऊन गाव सोडतो तो बीडचा भूमिहीन, आणि 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद पडले तेव्हा तिथल्या कंत्राटी मजुराची मजुरीही बुडाली.

केंद्राने 2023 साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. नुसता व्यापार नको. नायट्रिक आम्लाच्या प्रत्येक कारखान्याला या वायूची कायदेशीर मर्यादा घाला, धुराड्यावर अखंड मोजणी करा आणि आकडा फाटकावर लावा. बीडच्या खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. मतदारसंघ ट्रॉम्बेपासून लांब आहे, ही सबब आम्ही ऐकणार नाही.