आज्ञापालनाची सीमा

आज्ञापालन हा सैनिकाचा पहिला धर्म, असे आपण सारेच मानतो. शिस्तीवाचून सैन्य म्हणजे शस्त्रधारी जमाव, हेही खरे. परंतु आज्ञाच अन्यायाची असेल तर? युद्धाच्या वार्ता नित्य कानी पडत असताना हा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधील माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल केली. व्हिएतनामच्या नोंदीनुसार ५०४ जण मारले गेले. त्यांत प्रामुख्याने स्त्रिया, मुले व वृद्ध होते. ह्यू थॉम्प्सन या २४ वर्षांच्या वैमानिकाने आकाशातून ते पाहिले. जीव मुठीत धरून पळणारे ग्रामस्थ आणि त्यांच्या मागावरील आपलेच सैनिक यांच्यामध्ये त्याने हेलिकॉप्टर उतरविले. सैनिकांनी ग्रामस्थांवर गोळ्या झाडल्या तर त्यांच्यावर बंदुका चालवा, असे त्याने आपल्या दोन सहकाऱ्यांना बजावले आणि काही जणांचे प्राण वाचविले. तळावर परतताच त्याने वरिष्ठांकडे तक्रारही केली.

पुढे काय झाले? आपण वरिष्ठांची आज्ञा पाळली, असा बचाव लेफ्टनंट विल्यम कॅली याने केला. १९७१ मध्ये लष्करी न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. परंतु काही वर्षांची, बहुतांशी नजरकैदच भोगून तो सुटला. या हत्याकांडाबद्दल दोषी ठरलेला तो एकटाच. थॉम्प्सनला मात्र कित्येकांनी देशद्रोही म्हणून हिणविले. त्या दिवशीच्या धैर्याबद्दल त्याला 'सोल्जर्स मेडल' मिळण्यास १९९८ साल उजाडले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्येच 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात याविषयी निःसंदिग्ध शिकवण दिली होती. मानवजातीच्या मूलभूत नैतिक नियमांविरुद्ध दिलेली आज्ञा हा गुन्हा होय. आंधळे आज्ञापालन ही त्यावर सबब होऊ शकत नाही. आणि अशा आज्ञेला उघड विरोध करणारे परम गौरवास पात्र आहेत. आपल्या देशातील १९५० च्या लष्कर अधिनियमाचे ४१ वे कलमही वरिष्ठाची 'कायदेशीर' आज्ञा मोडणे हाच गुन्हा मानते. त्या एका विशेषणात सैनिकाच्या सदसद्विवेकबुद्धीला जागा आहे.

परंतु ती जागा केवळ कागदावर असून भागत नाही. रणभूमीवर विचाराला क्षणभराचीच सवड असते. म्हणून नकार केव्हा द्यावा व दाद कोठे मागावी, हे प्रशिक्षणातच शिकविले पाहिजे. नकार देणाऱ्याच्या पाठीशी सैन्याने आणि समाजानेही उभे राहिले पाहिजे.

वाचकहो, थॉम्प्सन आपल्या गावचा असता, तर आपण त्याचे स्वागत त्याच वर्षी केले असते, की तीस वर्षांनी?