शेतकऱ्याची वेबसाइट कोणत्या साधनानें उभारावी?

आपला माल आपणच गिऱ्हाइकाच्या दारीं पोंचवावा आणि अडत, हमाली, तोलाई यांत झिरपणारा पैसा घरांत राहावा, ही इच्छा आमच्या वाचकांस नवी नाहीं. सन २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांचा व्यापार बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला, तेव्हांपासून ह्या इच्छेस कायद्याची वाटही मिळाली आहे. देवगड-रत्नागिरीकडील हापूसची पेटी बागेंतून थेट मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडीं जाते. कोल्हापूरकडील गूळ आणि सांगलीकडील बेदाणा व हळद घरबसल्या मागविणारीं गिऱ्हाइकें आहेत. आणि सन २०२० मध्यें सरकारनें कृषि पर्यटनाचें धोरण ठरविल्यानंतर मळ्यावर पाहुणे उतरवून घेण्याचा जोडधंदाही कित्येकांनीं हातीं धरला आहे. अशा धंद्यास स्वतःची वेबसाइट असावी काय, आणि असल्यास संगणकाची सांकेतिक भाषा न शिकतां ती कोणत्या साधनानें उभारावी, असें सभासदांकडून वरचेवर विचारण्यांत येतें. ह्या विषयावर आमचें मत थोडें विस्तारानें मांडणें अवश्य वाटतें, कारण बहुतेक लोक साधनाची निवड भलत्याच कसोटीनें करीत आहेत असें आम्हांस दिसून येतें.

वेबसाइट करणें हें वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं तज्ज्ञाचेंच काम होतें. आज तशी स्थिति नाहीं. विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय, गूगल साइट्स, झोहो साइट्स, वर्डप्रेस अशीं नानाविध साधनें निघालीं आहेत. त्यांतील तयार नमुना निवडावा, आपला मजकूर व छायाचित्रें त्यांत बसवावीं, चौकटी इकडच्या तिकडे सरकवाव्या, कीं पान तयार होतें. मोबाइलवरून फोटो व निरोप सहज पाठविणारा मनुष्य हें काम दोन-चार दिवसांत करूं शकतो. म्हणजे ‘आम्हांस येत नाहीं’ ही अडचण आतां फारशी उरली नाहीं. अडचण आहे ती निवडीची. आणि निवड करतांना लोक पाहतात काय, तर नमुना किती सुंदर आहे व पहिल्या वर्षीं पैसे किती कमी पडतात! बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. नुसती झूल पाहून कोणी बैल घेत नाहीं.

आमच्या मतें पहिला प्रश्न असा विचारावा, कीं उद्यां हें साधन सोडावयाचें झालें, अथवा साधनानेंच आपणांस सोडलें, तर आपल्या हातीं काय राहील? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. सन २०२० च्या २९ जून रोजीं भारत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, त्या वेळीं केवळ त्याच जागीं आपलें गिऱ्हाईक जमविलेल्या लोकांचा जम एकाएकीं मोडला. बंदी योग्य होती कीं नव्हती, हा वाद येथें नको. त्याहूनही आमच्या विषयास नेमकें लागू पडणारें उदाहरण गूगलचें आहे. गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद करणारास ती कंपनी एक लहानशी वेबसाइट फुकट करून देत असे, आणि पुष्कळ लहान दुकानदारांनीं तीच आपली वेबसाइट मानली होती. मार्च २०२४ मध्यें कंपनीनें त्या सर्व वेबसाइटी बंद केल्या. जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावर येणारास नकाशावरील नोंदीकडे वळविण्यांत येत होतें. पुढें तेंही थांबलें. ज्यांनीं तो पत्ता पिशव्यांवर व पेट्यांवरील चिठ्ठ्यांवर छापला होता, त्यांचा छपाईचा खर्च तर गेलाच, शिवाय जुनें गिऱ्हाईक वाट चुकलें. त्यापूर्वीं सन २००९ मध्यें याहू कंपनीनें जिओसिटीज नांवाची अशीच मोठी वसाहत उठविली होती. ह्यांत कोणीं लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. जागा ज्याची, तो आपल्या सोयीनें ती परत घेणारच.

शेतकऱ्यास ही गोष्ट दुसऱ्यानें समजावून द्यावयास नको. खंडानें घेतलेल्या जमिनींत आपण भुईमूग करतों, ज्वारी करतों. पण तींत विहीर खोदीत नाहीं व आंब्याचीं कलमें लावीत नाहीं. वेबसाइटच्या धंद्यांत विहिरीच्या जागीं आहे तें डोमेन, म्हणजे वेबसाइटचें नोंदलेलें नांव. हें नांव दरसाल ठराविक रक्कम भरून आपल्याकडे राखतां येतें, आणि खालचें साधन कितीही वेळां बदललें तरी तेंच नांव नव्या जागेकडे वळवितां येतें. गिऱ्हाइकास फरक कळतही नाहीं. म्हणून नांव आधीं घ्यावें, साधन मागाहून निवडावें. भारताच्या ‘डॉट इन’ ह्या नांवांची व्यवस्था ‘निक्सी’ ह्या संस्थेकडे आहे, आणि सन २०१४ पासून देवनागरींत ‘डॉट भारत’ हें नांवही मिळूं लागलें आहे. देवनागरी नांवाचा आम्हांस अभिमान आहे. तथापि परगांवचीं गिऱ्हाइकें रोमन लिपींतच पत्ता लिहितात हें ध्यानांत घेऊन, एकच घ्यावयाचें असल्यास रोमन घ्यावें. नांव टेलिफोनवर एकदां सांगितलें कीं दुसऱ्यास लिहितां आलें पाहिजे, आणि तें एकाच पिकास बांधलेलें नसावें. आज आंबा विकणारा उद्यां काजू व कोकमही विकणार आहे.

परंतु नांवाच्या बाबतींत सर्वांत मोठा घोटाळा निराळाच होतो. तालुक्याच्या गांवीं एखादा हुशार तरुण ‘सगळें मीच करून देतों’ म्हणून काम घेतो, आणि सोयीसाठीं म्हणून नांवाची नोंद आपल्या स्वतःच्या ई-मेलवर करतो. त्याचा हेतु वाईट असतोच असें नाहीं. पण पुढें तो नोकरीस परगांवीं जातो, किंवा दोघांचें बिनसतें, आणि मुदत भरल्याची सूचना ज्याच्याकडे जावयाची त्याच्याकडे न जातां भलतीकडेच जाते. मुदत उलटल्यावर थोडे दिवस सवलत मिळते. त्यानंतर तें नांव कोणासही घेतां येतें. सात-बारावर नांव दुसऱ्याचें आणि नांगर आपला, अशांतला हा प्रकार आहे. नोंद आपल्या नांवावर, आपल्या ई-मेलवर व आपल्या मोबाइल क्रमांकावर असावी, आणि परवलीचे शब्द घरांतील आणखी एका माणसास ठाऊक असावे. ह्यांत कामाच्या माणसावर अविश्वास दाखविण्यासारखें कांहीं नाहीं.

आतां साधनांकडे वळूं. गूगल साइट्स फुकट आहे, तींत जाहिराती येत नाहींत, स्वतःचें नांव जोडतां येतें, आणि ती शिकावयास फारच सोपी आहे. मात्र तींत दुकानाची व्यवस्था नाहीं; माल, दर, पत्ता, नकाशा व टेलिफोन इतकेंच तीवर मांडतां येतें. विक्स दिसावयास देखणी व वापरावयास सुलभ आहे; फुकटच्या प्रकारांत कंपनीची जाहिरात व लांबलचक पत्ता येतो, तो टाळण्यास पैसे भरावे लागतात. परंतु विक्सवर उभारलेली वेबसाइट विक्सच्याच यंत्रांवर चालते. ती जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं, आणि कंपनी हें लपवीतही नाहीं. शॉपिफाय हें मुळांत दुकानच आहे. मागण्या, साठा, पैसे व रवानगी ह्या सर्वांचा हिशेब तें चोख ठेवतें, व मालाची आणि गिऱ्हाइकांची यादी कोष्टकाच्या रूपानें उतरवून घेतां येते, ही मोठीच सोय. पण त्याचें भाडें दरमहा आहे, आणि आमच्या आंबेवाल्याचा हंगाम जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा! अशा माणसानें रिकाम्या महिन्यांत भाडें कमी करून मिळतें काय, हें आधीं विचारून घ्यावें.

वर्डप्रेसची गोष्ट वेगळी आहे. हें साधन सन २००३ पासून चालू असून त्याची मूळ संहिता सर्वांस मोकळी आहे. जगांतील दर पांच वेबसाइटींपैकीं दोहोंहून अधिक त्यावर चालतात असें गणलें जातें. त्यावर उभारलेली वेबसाइट एका भाड्याच्या जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवितां येते, आणि वूकॉमर्स हा जोड भाग घातल्यास दुकानही मांडतां येतें. ह्याच नांवाची एक सशुल्क सेवाही आहे, तिच्याशीं घोटाळा करूं नये. दोष इतकाच, कीं त्याची निगा राखावी लागते. जोड भाग वेळच्या वेळीं अद्ययावत न केल्यास चोरट्यांस वाट मिळते, आणि सुगीच्या दिवसांत हें करावयास सवड कोणास असते?

तेव्हां आमचा अभिप्राय असा, कीं आमच्या बहुतेक वाचकांनीं पहिला हंगाम स्वतःच्या नांवावर गूगल साइट्सची चार-पांच पानें मांडून काढावा. तीही खंडाचीच जमीन नव्हे काय, असें कोणी म्हणेल. होय, खंडाचीच आहे. पण नांव आपलें असल्यावर व मूळ मजकूर, छायाचित्रें घरच्या संगणकांत जपून ठेवल्यावर ती उद्यां बंद पडली तरी चार पानें पुन्हां लिहिण्यापलीकडे नुकसान नाहीं. मागण्या हातानें लिहून घेणें अशक्य होऊं लागेल तेव्हां वर्डप्रेसकडे वळावें, आणि निगेचें काम घरांतील शिकत्या मुलाकडे अथवा मुलीकडे सोंपवावें. शॉपिफायसारखें दुकान, ज्यांचा माल बाराही महिने चालतो अशा मसाला, गूळ व प्रक्रियेचे पदार्थ विकणारांसच परवडेल. (अशा पदार्थांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक लागतो, तो वेबसाइटवरही दिसला पाहिजे.)

साधन कोणतेंही असो, त्याची परीक्षा मराठींत करावी. इंग्रजी नमुने मनोहर दिसतात, आणि मराठी मजकूर भरतांच जोडाक्षरें फुटतात व वेलांट्या सरकतात, असा अनुभव येतो. मजकूर युनिकोडमध्येंच असावा. छापखान्याच्या जुन्या टाइपांत जुळविलेला मजकूर, किंवा चित्रांत कोरलेलीं अक्षरें शोधयंत्रास नीट वाचतां येत नाहींत, आणि ‘देवगड हापूस’ म्हणून शोधणाऱ्यास तें पान सांपडणें दुरापास्त होतें. दुसरी परीक्षा बांधावर करावी. ज्या शेतांत मोबाइलला जेमतेम रेंज मिळते तेथें आपलें पान उघडून पाहावें. आजच्या मोबाइलवर काढलेलें एकेक छायाचित्र तीन-चार मेगाबाइटचें असतें. अशीं दहा छायाचित्रें घातल्यावर पान उघडण्याची वाट पाहत कोण बसेल? दोनशें किलोबाइटच्या आंत आणलेलें छायाचित्र ह्या कामास पुरतें.

खर्चाविषयीं थोडें. पहिल्या वर्षाचा दर हा बहुधा आमिषाचा असतो. दुसऱ्या वर्षाचा दर विचारूनच करार करावा. परदेशी कंपनीचें बिल डॉलरांत असेल तर रुपया पडला कीं भाडें चढलें. स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर पैसे घेतल्यास त्यावर आकार पडत नाहीं. उलट वसुलीची व्यवस्था करणाऱ्या पेढ्या शेंकडा सुमारें दोन घेतात, म्हणजे तीन हजारांच्या पेटीमागें साठ रुपये. शेंपन्नास पेट्यांचा धंदा असेल तर हा खर्च टाळावा. हजार पेट्यांचा असेल तर कोणाचे पैसे आले व कोणाचे राहिले हें शोधण्यांतच त्याहून अधिक वेळ जातो.

ज्याच्या सर्व पेट्या दरवर्षीं ओळखीच्या घरींच जातात, त्यास वेबसाइटची गरज नाहीं. व्हॉट्सॲपवरील यादी त्यास पुरेशी आहे, आणि केवळ शेजाऱ्यानें केली म्हणून त्यानें ह्या खर्चांत पडूं नये. उलट मळ्यावर पाहुणे बोलावणाऱ्यास ती हवीच, कारण येणारा मनुष्य अनोळखी असतो व वाट, दर, जेवणाखाण्याची व निजण्याची सोय सर्व आधीं पाहून मगच निघतो.

नवें पान शोधयंत्राच्या यादींत चढावयास कांहीं दिवसांपासून कांहीं आठवडे लागतात. म्हणून आंबेवाल्यांनीं नांव दिवाळीच्या सुमारास घ्यावें, पानें पौषांत लिहून काढावीं आणि दर मात्र मोहोर टिकल्याची खात्री झाल्यावरच घालावे.