घरचे आरोग्य : वाकडा अंगठा आणि शस्त्रक्रिया

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदास्नानासाठी वहाणा काढताना आमच्या मावशींनी आपल्या उजव्या पायाकडे बोट दाखविले. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला होता आणि त्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, हाडाचा लालसर उंचवटा आला होता. “परिक्रमेला निघायचे मनात आहे, पण चार पावले टाकली की हे ठणकते. एवढा उंचवटा तासून काढला की झाले, नाही का रे?” असा त्यांचा प्रश्न. तो अनेक घरांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर येथे देत आहे.

पुष्कळ जण या उंचवट्याला भोवरी समजतात. भोवरी कातडीची असते. हा विकार हाडांच्या ठेवणीचा आहे. अंगठ्यामागचे पंज्यातील लांब हाड आतल्या बाजूस सरकते, अंगठा उलट दिशेस कलतो आणि दोहोंच्या सांध्यापाशी कोन होतो. बाहेर दिसतो तो या कोनाचा कोपरा. साहजिकच, नुसता कोपरा तासल्याने मूळ वाकडेपण जात नाही आणि उंचवटा पुन्हा दिसू लागतो.

असे का होते? आनुवंशिकता हे एक कारण. निमुळते, उंच टाचेचे जोडे हे दुसरे. हाँगकाँगमध्ये लॅम सिम-फूक आणि हॉजसन यांनी केलेली पाहणी १९५८ साली प्रसिद्ध झाली. तीत जोडे वापरणाऱ्यांपैकी शेकडा ३३ जणांत, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे दोघांतच हा विकार आढळला. कामाच्या जागी बूट आवश्यक असतील तर ते टाळावेत असा याचा अर्थ नव्हे. मात्र त्यांचा पुढचा भाग बोटांना मोकळेपणी पसरता येईल इतका रुंद असावा.

शस्त्रक्रियेचे प्रकार अनेक आहेत. १९०४ साली अमेरिकन शल्यवैद्य केलर यांनी वर्णिलेल्या पद्धतीत अंगठ्याच्या हाडाचा मुळाकडील भाग काढीत. त्याने वेदना शमते, परंतु अंगठा आखूड व दुबळा होतो. म्हणून ती आता फार न चालणाऱ्या काही वृद्धांपुरतीच उरली आहे. आज बहुधा लांब हाडच कापून योग्य जागी सरकवितात व स्क्रूने स्थिर करतात. वाकडेपण बेताचे असेल तर हाडाच्या टोकाशी इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद घेतात. ही शेव्हरॉन पद्धत. अधिक असेल तर हाडाच्या लांबीत झेड अक्षरासारखा छेद घेतात. सुताराच्या लाकूड जोडण्याच्या रीतीवरून तिला स्कार्फ म्हणतात. हाडाच्या मागच्या टोकाचा सांधा सैल असेल तर तो सांधूनच टाकतात. ही लॅपिडस पद्धत. कोणती निवडावी, हे उभे राहून घेतलेल्या क्ष-किरण चित्रातील कोनावरून ठरते.

शस्त्रक्रियेनंतर हाड जुळण्यास साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात. सूज कित्येक महिने राहू शकते. जंतुसंसर्ग, सांध्याचा ताठरपणा, बधिरता किंवा वाकडेपण पुन्हा येणे हे धोके असतात. मधुमेही व्यक्तीच्या पायातील रक्तप्रवाह आधी तपासलाच पाहिजे. केवळ पाऊल सुबक दिसावे यासाठी हे धोके पत्करू नयेत. रुंद जोडे वापरूनही वेदना कायम राहिली व चालणे अवघड झाले, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा.

अस्थिशल्यवैद्यांनी मावशींना पहिला प्रश्न विचारला तो हाच : “रुंद जोडे वापरून पाहिलेत का?” त्यांनी ते घेतले. अंगठा सरळ झाला नाही. जोड्यांनी तो होतही नाही. पण ठणका निवला आणि घाटापर्यंतची वाट सुकर झाली. शस्त्रक्रिया तूर्त लांबणीवर पडली आहे. परिक्रमेचा बेत मात्र कायम आहे.